टोपण बसेना

थोरल्या डॉक्टरांचा जगात दोनच गोष्टींवर विश्वास होता: स्वतःचा उजवा हात आणि बायकोचा डावा कान. उजव्या हातानं त्यांनी उभ्या गावाचे दात काढले, भरले, बसवले. आणि डाव्या कानात, रोज जेवताना शेजारी बसून, त्या सगळ्याची रसभरीत हकिकत ओतली. बायकोनं ती तक्रार न करता ऐकली, कारण दुसरा कान मोकळा होता.

अशा या सुखी संसारात सून आली. तीही दातांचीच डॉक्टर, आणि तिच्यामागोमाग घरात आलं ते गाइड.

गाइड म्हणजे दिसायला अगदी किरकोळ वस्तू. दाढ गेली की तिच्या जागी हाडात एक स्क्रू बसवतात आणि त्यावर नवी दाढ चढवतात. तो स्क्रू कुठं, किती खोल, कुठल्या कलानं जायचा, हे सून आधी कॉम्प्युटरवर ठरवायची. जबड्याचा सीटी स्कॅन काढायचा, दातांवरून छोटा कॅमेरा फिरवून त्यांची हुबेहूब प्रतिमा घ्यायची, दोन्ही एकावर एक जुळवायची, आणि मग मागच्या खोलीतलं यंत्र पारदर्शक प्लास्टिकचं एक टोपण छापून द्यायचं. हे टोपण शेजारच्या दातांवर गच्च बसतं. त्याला जिथं भोक, तिथूनच ड्रिल खाली जाणार, इकडे नाही की तिकडे नाही.

"म्हणजे आंधळ्याची काठी," थोरले डॉक्टर म्हणाले.

"काठी असते म्हणून तर आंधळा खड्ड्यात पडत नाही, बाबा," सून म्हणाली.

थोरल्या डॉक्टरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जन्मभर ज्यांनी डोळ्यांनी अंदाज घेऊन आणि बोटांनी हाड चाचपून स्क्रू बसवले, त्यांना कालची पोर आंधळा म्हणते! त्या दिवसापासून ते गाइडला गाइड म्हणेनासे झाले. 'टोपण' म्हणू लागले. "आज किती टोपणं छापली?" असं सकाळी सुनेला विचारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

एकदा तर त्यांनी तिला रंगेहाथ पकडलं. पडद्यावर तिनं स्क्रूचं टोक आणि जबड्यातली नस यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवली होती.

"ही जागा कशाला सोडलीस?"

"नसेला धक्का लागला तर ओठ कायमचा बधिर होतो ना. गाइड असलं तरी थोडंफार इकडेतिकडे होतंच. म्हणून दोन मिलिमीटर राखून ठेवायचे."

"अस्सं! म्हणजे तुझं टोपणही चुकतं तर!"

"चुकतं ना, बाबा. पण किती चुकतं ते आधी सांगून चुकतं."

यावर ते हात धुवायला गेले. दातांच्या डॉक्टरची ही एक मोठी सोय आहे. अडचणीत सापडला की त्याला केव्हाही हात धुवायला जाता येतं.

हे असं चाललेलं असताना त्यांच्या बायकोची खालची डावी दाढ गेली. तिथलं हाड भरून आल्यावर स्क्रू बसवायची वेळ आली, आणि थोरल्या डॉक्टरांनी जेवायच्या टेबलावर जाहीर करून टाकलं, "हिची दाढ मी बसवणार, माझ्या हातानं. टोपण-बिपण काही नको."

सुनेनं हातातला चमचा खाली ठेवला. मुलगा पूल बांधणारा इंजिनिअर होता आणि या भांडणात त्याचं धोरण एकच होतं, तोंड उघडायचं ते फक्त जेवायला. तो जेवत राहिला.

आता खरं सांगायचं तर थोरल्या डॉक्टरांचं भांडण टोपणाशी नव्हतं. गेल्या काही वर्षांत स्क्रू बसवायची सगळी कामं हळूहळू सुनेकडे सरकली होती. "आता थांबा" असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. काम नुसतंच त्यांच्या खुर्चीकडून तिच्या खुर्चीकडे गेलं. त्यांच्या वाट्याला उरले ते दात भरणं, साफ करणं आणि दातांपेक्षा गप्पांसाठी येणारे जुने पेशंट. त्यांना भीती वाटत होती. आपण आता फक्त भिंतीवरच्या प्रमाणपत्रातले डॉक्टर उरलो की काय, ही ती भीती. एकदा, फक्त एकदा, त्यांना पुन्हा त्या खुर्चीवर बसायचं होतं, आणि त्यासाठी बायकोच्या जबड्याइतकी हक्काची जागा दुसरी कुठं मिळणार?

सासरा-सून हातघाईवर येणार असं दिसताच बायकोनं निकाल दिला.

"तिचं टोपण बसलं तर तिनं करायचं. नाही बसलं तर तुम्ही. आणि आता जेवण होईपर्यंत कुणी माझ्या जबड्याचं नाव काढायचं नाही."

दोघांनाही हे पटलं. सुनेला पटलं कारण तिचं टोपण आजवर बसलं नाही असं झालं नव्हतं. थोरल्या डॉक्टरांना पटलं कारण माणसानं आशा सोडू नये.

स्कॅन झाला. दवाखान्यातल्या सिस्टर प्रत्येक पेशंटला सांगायच्या तेच त्यांनी सांगितलं, "आता ऑपरेशन होईपर्यंत दातांचं कुठलंही काम करून घ्यायचं नाही हं." बायकोनं मान हलवली. थोरले डॉक्टर तिथंच उभे होते, पण त्यांनी ते ऐकलं नाही. पेशंटला सांगतात ते डॉक्टरनं कशाला ऐकायचं?

त्यानंतरच्या रविवारी बायको कुरकुरली. रिकाम्या जागेच्या पुढच्या दाताचा आतला कोपरा, केव्हातरी दाण्यांमधल्या खड्यानं उडालेला, जिभेला टोचत होता. दवाखाना घराच्या खालच्याच मजल्यावर. थोरले डॉक्टर म्हणाले, "चल, एवढंच ना," आणि वर आधण उकळायच्या आत काम करून मोकळे झाले. खिडकीच्या उजेडात बघून त्यांनी रंग निवडला, इवलीशी भर घातली, तिला दाताचाच उंचवटा दिला, तीच चकाकी आणली. बायकोनं आरशात इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं आणि म्हणाली, "कुठं घातलीत?"

दातांच्या डॉक्टरला याहून मोठी शाबासकी मिळत नसते. ते खुशीत जिना चढून वर आले.

हे त्यांनी सुनेला सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असं नव्हे. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. माणूस बायकोच्या ब्लाउजला बटण लावून देतो, त्याची काय घरभर दवंडी पिटायची असते?

पुढच्या आठवड्यात त्यांनी तयारी सुरू केली. न जाणो, टोपण नाहीच बसलं तर? दुपारी दवाखाना बंद असताना त्यांनी शिकाऊ मुलांसाठी आणलेला प्लास्टिकचा जबडा काढला, दिवा ओढला आणि दातांमधल्या मोकळ्या जागांत एकामागून एक भोकं पाडली. मग प्रत्येक भोकात एक टूथपिक खोचली आणि जबडा टेबलावर ठेवून समोरून पाहिलं.

सगळ्या काड्या जिभेच्या बाजूला कलल्या होत्या.

नाचता येईना अंगण वाकडं, या न्यायानं त्यांनी आधी जबड्याला नावं ठेवली. मग स्टूल बदललं. मग दिवा हलवला. मग चष्मा पुसून दुसरा जबडा घेतला. त्याच्यातल्याही काड्या तिकडेच झुकल्या, वाऱ्यानं आडव्या झालेल्या पिकासारख्या. एखादी इकडे, एखादी तिकडे असती तर त्यांनी मनाची समजूत घातली असती. पण हात थरथरत नव्हता. हात अगदी स्थिर होता आणि स्थिरपणे चुकत होता. डोळे त्यांना सांगत होते की सरळ आहे, आणि ते डोळ्यांवर विश्वास ठेवत होते. किती दिवसांपासून हे असं चाललंय, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

दोन्ही जबडे त्यांनी वापरलेल्या ग्लोव्हजच्या डब्यात तळाशी घातले. आता शहाण्या माणसानं यानंतर टोपण बसावं म्हणून प्रार्थना केली असती. थोरले डॉक्टर हुशार होते. शहाणपण ही वेगळी गोष्ट. "जिवंत हाड वेगळं, प्लास्टिक वेगळं," असं ते स्वतःला दिवसातून पुष्कळदा सांगू लागले, आणि टोपण बसू नये ही इच्छा काही मनातून जाईना.

ऑपरेशनच्या दिवशी बायको खुर्चीत आडवी झाली. हिरव्या कापडातून तिचं तोंड आणि डोळे एवढंच दिसत होतं. सुनेनं इंजेक्शन दिलं. ओठ जड झाला, एका बाजूनं किंचित ओघळला. थोरले डॉक्टर पायांशी, पाहुण्यासारखे हात बांधून उभे होते.

सुनेनं टोपण दातांवर ठेवलं आणि बोटांनी दाबलं.

टोपणाला दोन छोट्या खिडक्या असतात. त्यांतून पाहिलं की प्लास्टिक दातावर नीट टेकलंय की नाही ते कळतं. मागच्या खिडकीत ते टेकलं होतं. पुढच्या खिडकीत बारीकशी फट दिसत होती. सुनेनं काढून पुन्हा बसवलं. एका बाजूला बोट ठेवलं की दुसरी बाजू उचलत होती, एका पायानं आखूड असलेल्या स्टुलासारखी.

थोरल्या डॉक्टरांच्या मनात उकळ्या फुटल्या. चेहरा मात्र त्यांनी गंभीर ठेवला. तेवढी सभ्यता त्यांच्यात होती.

"सिस्टर, मॉडेल द्या," सून म्हणाली.

स्कॅनवरूनच छापलेला दातांचा नमुना सिस्टरनी दिला. सुनेनं त्यावर टोपण ठेवलं. टक्! असं बसलं की हलवून हलेना. पुन्हा तोंडात ठेवलं, पुन्हा डुगडुगलं. सुनेनं आरसा घेऊन दात पाहिले, एकेक करून, नीट. काही दिसलं नाही. ती स्टुलावर मागे टेकली आणि तिचा चेहरा उतरला.

"मॉडेलवर बसतंय, तोंडात बसत नाही. म्हणजे टोपणाचा दोष नाही." तिनंही आज पहिल्यांदाच 'टोपण' म्हटलं. "माझा स्कॅनच चुकला. कॅमेरा फिरवताना माझा हात हलला असणार. चूक माझी आहे, आई."

सिस्टरनी मॉडेल उचलून बाजूला ठेवलं.

"आज थांबूया आणि पुन्हा स्कॅन करूया," ती पुढे म्हणाली. "नाहीतर मग आपलं ठरलंय तसं. बाबा हातानं करतील. त्यांनी आजवर कितीतरी बसवलेत."

बाबा हातानं करतील! थोरल्या डॉक्टरांचे खांदे आपोआप सरळ झाले. खुर्चीतून बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग कापडाखालून हात बाहेर काढला आणि त्यांच्याकडे बोट दाखवलं.

ते हात धुवायला गेले, या वेळी खऱ्या कामासाठी. ग्लोव्हज चढवले. सून उठून बाजूला झाली आणि ते तिच्या स्टुलावर बसले. ड्रिल हातात आलं. त्यांना इतका आनंद झाला की क्षणभर आपण कुणाच्या तोंडापुढं बसलोय हेच ते विसरले.

सवयीप्रमाणे त्यांनी आधी दात हवेनं कोरडे केले आणि आरसा आत घातला. रिकाम्या जागेच्या पुढचा दात चकाकला. उंचवटा कसा गोल, सुरेख. कुणी घातली बरं ही भर, इतकी बेमालूम?

आरसा तिथंच थबकला.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणतात ते असं. टोपण बनलं होतं मोडक्या कोपऱ्याच्या मापानं, आणि यांनी रविवारी तो कोपरा भरून काढला होता. स्कॅन बिनचूक होता, पोरीचा हात हलला नव्हता. बदललं होतं ते तोंड.

बोललं नाही तर? सुनेला भर दिसली नव्हती, इतकी ती चांगली होती. चूक तिनं आपण होऊन डोक्यावर घेतली होती. बायकोनं स्वतः बोट दाखवलं होतं. ठरल्यासारखंच सगळं घडलं होतं. आता फक्त ड्रिल खाली न्यायचं होतं, सरळ. आणि सरळ म्हणजे काय ते त्यांच्या डोळ्यांना नीट दिसत होतं. प्लास्टिकच्या जबड्यावरही ते असंच नीट दिसलं होतं.

त्यांनी बायकोच्या ओघळलेल्या ओठाकडे पाहिलं. इंजेक्शनचा असर संध्याकाळपर्यंत उतरेल. नसेला धक्का लागला तर कधीच उतरणार नाही. मागे सून भिंतीला टेकून उभी होती आणि एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरून, जणू तोच गुन्हेगार आहे, त्याच्याकडे बघत होती. ते त्यांना बघवेना.

त्यांनी ड्रिल ट्रेमध्ये ठेवलं.

"स्कॅन बरोबर आहे तुझा," ते म्हणाले. "या दातावर मी भर घातलीय."

"कधी?"

"रविवारी. स्कॅन झाल्यानंतरच्या."

सिस्टर दिव्याकडे फार लक्षपूर्वक पाहू लागल्या.

"बाबा, सिस्टर प्रत्येकाला सांगतात ना, की मध्ये काही काम करायचं नाही म्हणून?"

"पेशंटला सांगतात."

"मग या कोण आहेत?"

थोरले डॉक्टर थोडा विचार करून म्हणाले, "ही आमची ही आहे."

सून दातओठ खात पुढे आली, त्यांच्या हातातला आरसा तिनं जवळजवळ ओढूनच घेतला आणि वाकून पाहिलं. "कुठंय?" त्यांनी बारीक हत्याराच्या टोकानं भरीची कड दाखवली. तिनं पुन्हा पाहिलं, दिवा जवळ ओढून पाहिलं. "इतकी चांगली कशाला घालायची, बाबा!" ती ओरडली. हे रागावणं होतं की कौतुक, हे तिलाही सांगता आलं नसतं.

इथं थांबले असते तरी चाललं असतं. पण एकदा तोंड उघडलं की त्यांना अर्ध्यावर थांबता येत नसे.

"आणि हातानं करायचं म्हणशील तर..." ते ट्रेमधल्या हत्यारांना उद्देशून म्हणाले, "माझा हात जिभेकडे झुकतो. प्रत्येक वेळी. मी करून बघितलंय." आणि हलक्या आवाजात, "मला वाटतं सरळ आहे, पण नसतं."

हे बोलताना त्यांना वाटलं होतं की आता मेल्याहून मेल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. सुनेनं नव्या ग्लोव्हजची जोडी काढली आणि चढवता चढवता म्हणाली, "भर तुम्हीच काढा, बाबा. तुम्हालाच दिसतेय ती. आणि दाताला ओरखडा न उठवता काढायची, तर तुमच्याशिवाय दुसरं कोण काढणार?"

त्यांनी ती काढली. आपलंच सुरेख काम आपल्याच हातानं, कणाकणानं, मोडक्या कोपऱ्यापर्यंत. मग उठून स्टूल सुनेला दिलं. तिनं टोपण ठेवलं. टक्! दोन्ही खिडक्यांत ते दातावर टेकलं. पुढचं काम इतकं शांतपणे झालं की सांगण्यासारखं काही घडलंच नाही.

एक्स-रे पडद्यावर आला तेव्हा थोरल्या डॉक्टरांना राहवेना. "किती चुकलं?"

"थोडंसं. धरलं होतं त्याच्या आतच." तिनं खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "तुमचा हात किती झुकतो, तेही मोजून ठेवूया एकदा. मग जुन्या पेशंटना भर घालताना—"

"भर घालताना नाही झुकत," ते ठणकावून म्हणाले.

"नाही झुकत," सुनेनं मान्य केलं. "ते आज बघितलं मी."

बायकोला शेजारच्या खोलीत आरामखुर्चीत बसवलं होतं. गालाशी धरायला बर्फाची पिशवी दिली होती, ती तिनं मांडीवर ठेवली होती. थोरले डॉक्टर समोर स्टूल ओढून बसले. तिची माफी मागायची होती, पण त्या कामाची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्यांनी उलटतपासणी सुरू केली.

"टोपण बसेना तेव्हा तुला कळलं नाही, का बसेना ते?"

"कळलं की," ती अर्ध्या ओठानं म्हणाली. शब्द एका बाजूनं बाहेर पडत होते. "इतकी वर्षं दातांचंच ऐकतेय. तेवढं कळतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तोंड उघडं होतं."

"हात मोकळा होता! दाताकडे बोट दाखवायचं सोडून माझ्याकडे दाखवलंस!"

ती मांडीवरची बर्फाची पिशवी सारखी करत राहिली.

"आणि माझा हात..." त्यांचा आवाज खाली आला. "तुला काय माहीत, तो हल्ली..."

"मला नाही माहीत तर कुणाला? सुईत दोरा ओवून घ्यायला मी सुनेकडे जाते वर्षभर. तुमच्याकडे देत नाही. लक्षात आलं का कधी?"

आलं नव्हतं.

"अगं वेडे, नसेला धक्का लागला असता तर ओठ कायमचा बधिर झाला असता!"

"हो, सुनेनं सांगितलं होतं." तिनं बधिर ओठ बोटानं चाचपून पाहिला, दुकानात कापड बघतात तसा. "ती 'बाबा हातानं करतील' म्हणाली ना, तेव्हा तुमचे खांदे असे सरळ झाले! मी खुर्चीतून बघत होते. किती दिवसांनी सरळ उभे राहिलात तुम्ही. मग म्हटलं, जाऊ दे एक ओठ."

थोरल्या डॉक्टरांची दातखीळ बसली. समोरची बाई धूसर दिसू लागली, आणि हात धुवायला जावं म्हटलं तर या खोलीत नळ नव्हता. त्यांनी तिच्या मांडीवरची बर्फाची पिशवी उचलली, पुढे वाकले आणि दोन्ही हातांनी, फार काळजीपूर्वक, तिच्या गालाला लावली.

"जरा खाली," ती म्हणाली.